खुंटीखाली बोटभर

१

आमच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. लागतही नाही. पश्चिमेच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याहून वर, हातभर रुंदीचा एक झरोका आहे. दुपार कलली की त्यातून उन्हाचा कवडसा आत येतो आणि समोरच्या भिंतीवर चढू लागतो. आधी पाण्याच्या हंड्याला, मग फळीवरच्या पितळी डब्यांना, आणि शेवटी खुंटीला. खुंटीवर पाणी गाळायचं फडकं असतं. कवडसा त्या खुंटीला टेकला की दिवस अर्ध्या घटकेचा उरला असं मी समजते. ताटावरच्या माणसांनी आवरतं घ्यायचं, लेकराचं तोंड पुसायचं, निखाऱ्यांवर राख ओढायची. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर या घरात कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही.

घड्याळ आहे ते पुढच्या सोप्यात, ह्यांचं. त्याच्यावर माझा विश्वास नाही, पण त्यात घड्याळाचा दोष नाही. लढाईपायी सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं ढकलली. ह्यांना गुळाच्या कामासाठी सांगलीला जावं लागतं, म्हणून आमचं घड्याळ 'नव्या टाइमा'वर. शेजारच्या हरणामावशी अजून 'जुन्या'वर, म्हणजे कोंबड्यावर. मी कोल्हापुरात राहून सातवी पास झालेली, गणितात पहिली आलेली. तरी रोज एकदा तरी अडते, की इथं एक मिळवायचा का वजा करायचा. कवडशात काही मिळवावं लागत नाही.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकून कुणीही शहाणा माणूस पहिलं हेच विचारील, की बाई, वेळ बघण्यात तुमची चूक झाली नसेल? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारून झालं आहे.

२

माघ संपता संपता चंद्राआत्यांचं पत्र आलं. चंद्राआत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण. अथणीच्या बाजूला दिलेली, विधवा, मूलबाळ नाही, मळा मोठा. बारा वर्षांत माहेरी फिरकल्या नव्हत्या. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली, मी त्यांना पाहिलेलंच नव्हतं.

पत्र त्यांचे दीर नानासो यांनी लिहिलेलं होतं, पण सांगणं आत्यांचं असावं.

'फाल्गुन शुद्ध पंचमीस येत आहे. रायगोंडाचा मुलगा दत्तक घ्यावा असे मनात आहे. पोटभर जेवून ताटावरून उठताना मागेन, शब्द तेव्हाच द्यावा. दिवस मावळल्यावर सकाळपर्यंत माझे मौन असते. एका दाराशी मी दोनदा मागत नाही.'

रायगोंडाचा मुलगा म्हणजे आमचा नेमू. एकुलता एक, अडीच वर्षांचा. आणि अडीच वर्षांचा होऊनही एक शब्द न बोललेला. बहिरा म्हणावं तर दूरच्या बैलाच्या घुंगरांनाही मान वळवायचा. हसायचा, रडायचा, बोट दाखवायचा. शब्द मात्र नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, आणि मला सांगितलं, "आई, तुम्ही जास्त काळजी करता." हे खरंच आहे. हरणामावशींनी तेच वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं होतं. "आई पुस्तकं वाचती, मग पोरानं बोलायचं कवा? सगळं बोलणं तूच संपवून ठेवलंयस."

पत्र वाचून हे सोप्यात बराच वेळ बसून राहिले. मग आत आले.

"लांब का देतोय आपण? घरच्या घरातच हाय."

"तुम्ही देऊन टाकलात वाटतं," मी म्हटलं.

"तसं न्हाई गं. पण बघ. उद्या न्हाईच बोलला, तर ह्या गावात त्याचं काय व्हायचं? पोरं दगडं मारतील. आत्याच्या मळ्यावर बोलायला लागत न्हाई. मालक नुसता बसला तरी मालकच."

ते वाईट नव्हते. तेच तर कठीण होतं. वाईट असते तर मला भांडता आलं असतं. मी विचारलं, "मी नको म्हटलं तर?"

"आत्या ताटावरनं मागणार. जेवल्या ताटावरनं मागितलेलं न्हाई म्हणायचं, आपल्या घरात?" ते म्हणाले, आणि विषय संपल्यासारखे उठले. दारातून परत वळून म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेव. आत्याचं व्रत कडक हाय. दिवसातनं एकदाच जेवती. ताटात केस, मेलेली मुंगी, काय जरी गावलं, की अंतराय. तशीच हात धुऊन उठती, मग दुसऱ्या दिवसापत्तोर पाणीसुदीक न्हाई. तवा डोक्याला फडकं बांधूनच स्वयंपाक कर."

मी मान हलवली. पण डोक्यात पत्रातली तीन वाक्यं फिरत होती. पोटभर जेवून उठताना. दिवस मावळायच्या आत. दोनदा मागत नाही.

माझ्यासारख्या घाबरट बाईला एवढं पुरे होतं. स्वयंपाकाला उशीर करायचा. इतका, की आत्या जेवत असतानाच कवडसा खुंटीला टेकावा. मग आवरतं घ्यावं लागेल, दिवस मावळेल, मौन लागेल, आणि मागणं ओठांतच राहील. दुसऱ्यांदा त्या येणार नाहीत.

आयुष्यात मी केलेलं हे पहिलं कपट. फार हुशारीचं नव्हतं, पण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

३

पंचमीच्या दिवशी सकाळी नेमूला न्हाऊ घातलं. त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. केस मानेपर्यंत आलेले, मऊ, टोकाला वळलेले, उन्हात तांब्याच्या तारेसारखे दिसायचे. ते विंचरताना नेहमीप्रमाणे दहाबारा केस माझ्या हाताला, पदराला चिकटले. मी हात धुतले, लुगडं बदललं, डोक्याला फडकं बांधलं.

स्वयंपाक साधाच पण पुष्कळ ठरवला होता. गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घालून केलेली आमच्याकडची खीर. शेवग्याच्या शेंगांची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, भात, पोळ्या. हुग्गीचा गहू रात्री भिजत घालून पहाटे कांडावा लागतो. मी तो दुपारी कांडायला घेतला. हरणामावशी मागच्या परड्यातून डोकावल्या.

"आता कांडतीस? पावणी येणार कवा, जेवणार कवा?"

"विसरले मावशी."

"शिकल्याली बाई इसरती व्हय?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

गाडी चार वाजता आली. आत्या लहानखुऱ्या होत्या. पांढरं लुगडं, हातात काही नाही, चेहरा सावळा आणि गुळगुळीत. मी मनात एक करारी, डोळे वटारणारी बाई उभी केली होती. तसं काहीच नव्हतं. उलट कौतुकानं त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हात गरम होता. प्रवासातून आलेल्या माणसाचा असतोच.

नेमू अनोळखी माणसाकडं कधी जात नाही. त्यांच्याकडं तो माझ्या कडेवरून वाकून गेला. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या केसांतून बोटं फिरवली.

"जावळ न्हाई काढलं अजून?"

"काढायचंय. तिसरं सरायच्या आत."

"बोलत न्हाई म्हणं."

"डॉक्टर म्हणतात बोलेल," मी म्हटलं. मला उगीच शरमल्यासारखं झालं.

"बोलंल की," आत्या म्हणाल्या. "माज्याकडं आला की बोलंल."

४

ताटं मांडली तेव्हा कवडसा डब्यांच्या फळीवर आला होता. सोप्यातल्या घड्याळात पावणेसात, नवा टाइम. त्या दिवसांत सूर्य मावळायचा नव्या टाइमानं पावणेआठला. मी हिशेब केला, एक मिळवला नाही, वजा केला नाही, आणि मला बरं वाटलं. तासभरात पोटभर जेवणं होत नाही, निदान माझ्या वाढण्यानं तरी होऊ देणार नव्हते.

आत्या आत आल्या. हे म्हणाले, "आत्या, हिकडं बसा, दाराजवळ, वारं लागंल." पण त्या सरळ झरोक्याखाली गेल्या आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. बसताना त्यांनी मान वर करून कवडशाकडं पाहिलं. जसं मी रोज पाहते तसं.

"अजून दिस हाय," त्या म्हणाल्या. "सावकाश होऊ दे."

मला वाटलं, माझं कपट यांना कळलं. पण त्यांच्या आवाजात टोचणं नव्हतं. त्यांच्या एका बाजूला नानासो, दुसऱ्या बाजूला हे, मांडीवर नेमू. मी निखाऱ्यांवर राख ओढली आणि वाढायला घेतलं.

आत्यांचं जेवण मी कधी विसरणार नाही. त्यात विसरण्याजोगं काही नव्हतंच. एक घास त्या, एक घास नेमूला. चाळीस वेळा चावून, न बोलता. घाई नाही, थांबणंही नाही. माझं लेकरू एरवी चार घासांना चाळीस फेऱ्या मारायला लावतं. त्या दिवशी ते पाखराच्या पिलासारखं तोंड उघडून बसलं होतं.

"यंदा हरभऱ्याला घाटे चांगले धरल्यात," नानासो म्हणाले.

"व्हय. पाणी लागलं वेळेवर," हे म्हणाले. "आत्या, आणखी वाढू दे?"

"वाढू दे."

मी वाढलं. कवडसा फळी सोडून वर सरकला. बोटभर, दोन बोटं, चार बोटं. खुंटीच्या खाली बोटभर अंतर राहिलं. मी पोळ्यांची टोपली घेऊन आले. अंतर बोटभर. भात घेऊन आले. बोटभर.

५

बाहेर गुरं आली. घुंगरं वाजली, हरणामावशींनी म्हशीला शिवी दिली, दावं ओढल्याचा आवाज झाला. ही वेळ मला पाठ आहे. गुरं दारात येतात तेव्हा कवडसा खुंटीवर असतो. मी वर पाहिलं. बोटभर खाली.

आज गुरं लवकर आली असतील.

मग बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, संध्याकाळची घंटा झाली. उपाध्ये घंटा दिवस बुडाल्यावर देतात, एक पळ आधी नाही. चिमण्या वळचणीला येऊन भांडून गप्पही झाल्या. कवडसा पिवळा होता, तांबडा झालाच नव्हता. मावळतीचं ऊन तांबूस होतं, हे कळायला सातवी शिकावं लागत नाही.

मी हळदीचं बोट केलं. चटणीचा डबा काढण्याचं निमित्त करून फळीशी गेले, आणि कवडशाची वरची कड होती तिथं भिंतीला बोट टेकवलं. भिंत उन्हानं तापलेली होती. पिवळा ठिपका उमटला. मला माझीच लाज वाटली. पाहुणे ताटावर, आणि घरची बाई भिंतीला खुणा करते आहे.

"यंदा हरभऱ्याला घाटे चांगले धरल्यात," नानासो म्हणाले.

"व्हय. पाणी लागलं वेळेवर. आत्या, आणखी वाढू दे?"

"वाढू दे."

मी वाढलं. आमटी वाढली, भात वाढला, पुन्हा आमटी. मला आठवतं, मी मनात मोजत होते. तीनशेपर्यंत मोजलं, मग सहाशेपर्यंत. ठिपका आणि कड, कड आणि ठिपका. एका केसाचा फरक पडला नाही.

बायका बाळंतपणानंतर भ्रमिष्ट होतात असं मी ऐकलं होतं. पण ते सव्वा महिन्यात होतं, अडीच वर्षांनी नाही. उपाशी होते हे खरं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. उपाशी माणसाला वेळ लांब वाटते. मी स्वतःला असं समजावलं, आणि ते पटतही आलं होतं.

तेवढ्यात हरभऱ्याला तिसऱ्यांदा घाटे आले. तोच शब्द, तोच सूर, आणि ह्यांचा हात त्याच वेळी पाण्याच्या तांब्याकडं जाऊन तसाच मागं आला. मी तांब्यात पाहिलं. तो कधीचा रिकामा होता.

"पाणी आणते," मी म्हटलं, आणि कळशी उचलून परड्याच्या दारातून बाहेर पडले.

६

बाहेर रात्र होती.

संध्याकाळ नव्हे. चांगली रात्र. आभाळभर चांदण्या, पंचमीची कोर पश्चिमेला कललेली, रातकिडे ओरडत होते. मी दाराकडं वळून पाहिलं. उंबऱ्यापर्यंत पिवळं ऊन आलं होतं आणि उंबऱ्यावर थांबलं होतं. बाहेरच्या मातीवर त्याचा एक थेंब पडला नव्हता.

"कोण? गुणमाला?" कुंपणापलीकडून हरणामावशींचा आवाज आला. त्यांच्या हातात कंदील होता. "दिवा का न्हाई लावला गं? रॉकेल संपलं व्हय? घर कवाचं अंधारात हाय. म्हटलं पावणी आली न्हाईत का काय."

"आली आहेत मावशी. जेवतायत."

त्यांनी कंदील जरा वर धरला. मग हळू म्हणाल्या, "जैनाच्या घरात? ह्या वक्ताला?"

मी कळशी तिथंच ठेवली आणि घराच्या बगलेनं पश्चिमेला गेले. झरोक्याखाली धुण्याचा दगड आहे. मला एवढंच बघायचं होतं की ऊन येतं कुठून. तिकडं उसाचं रान, आणि रानावर काळोख. झरोकाही काळा. मी दगडावर चढले, भिंतीला धरून टाचा उंचावल्या, आणि आत पाहिलं.

आत मिट्ट अंधार होता.

कवडसा नव्हता, भिंत नव्हती, माणसं नव्हती. काही दिसत नव्हतं. आणि त्या अंधारात जेवण चाललं होतं. भुरके मारल्याचा आवाज, पोळी तोडल्याचा, पितळी ताटात बोटं फिरल्याचा. अगदी माझ्या हनुवटीखाली, दोन हात खाली, कुणीतरी सावकाश चावत होतं. मी मोजलं नाही, पण चाळीस असावेत. मग त्याच जागेवरून आवाज आला, लाडानं, हळू,

"खा बाळा. अजून दिस हाय."

आणि माझा नेमू हसला.

मी दगडावरून उतरले का पडले, आठवत नाही. गुडघ्याचा वण अजून आहे. पळत परड्याच्या दाराशी आले. आत ऊन होतं. चौघं बसली होती. आत्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी न्हाई आणलंस?"

उघड्या दारातून सोप्यातलं घड्याळ दिसत होतं. नऊ वाजून दहा मिनिटं. मी एक वजा केला. आठ दहा. तरी पुरेना. आणखी एक वजा करावा असं मला फार वाटलं.

"मला वाटतं पोट भरत आलं," आत्या म्हणाल्या. "एक पळी हुग्गी दे. मग उठते."

ह्यांनी पाठ ताठ केली. शब्द देण्यासाठी माणूस करतो तशी.

७

दिवस मावळणार नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आत्यांना हवा तेवढा वेळ तो खुंटीखाली उभा राहणार होता. माझ्या उशिराचा त्यांना काही उपद्रव नव्हता. त्यांना मागायचं होतं, आणि त्या मागून उठणार होत्या.

मी हुग्गीच्या पातेल्याकडं वळले. पाठ त्यांच्याकडं होती. त्यांचं जेवण पोटभर होऊ न देण्याची आता एकच वाट उरली होती, अंतराय. कानामागं, फडक्याच्या खाली बोट घातलं आणि केस उपटला. झोंबलं, हे मला स्पष्ट आठवतं. व्रतस्थ बाईच्या ताटात जाणूनबुजून केस घालायचा, याहून मोठं पाप आमच्याकडं स्वयंपाकघरात होत नाही. मी पळीत हुग्गी घेतली, केस तिच्यात दाबला, आणि आत्यांच्या ताटात वाढली.

पहिल्याच घासाला त्यांची बोटं थांबली.

"गुणमाला. केस हाय."

"अगं काय हे?" हे म्हणाले. "तुला सांगितलं हुतं की न्हाई?"

आत्या लगेच उठल्या नाहीत. त्यांनी बोटांच्या चिमटीत तो केस धरला, गूळ पुसून काढला, आणि कवडशाच्या उजेडात वर केला. मीही पाहिला. माझे केस काळे, कमरेपर्यंत. हा वीतभरसुद्धा नव्हता. मऊ होता, टोकाला वळलेला होता, आणि उन्हात तांब्याच्या तारेसारखा चमकत होता.

सकाळी हाताला चिकटलेला असेल. माझाच उपटला होता, तो चिमटीतून निसटला असेल आणि हा बोटाला राहिलेला गेला असेल. तसंच झालं असणार. दुसरं काय होणार.

"ह्यो तुजा न्हाई," आत्या म्हणाल्या.

त्यांनी पदराचं टोक घेतलं. केस गुंडाळून त्यात ठेवला, वर गाठ मारली, आणखी एक गाठ मारली. चेहऱ्यावर राग नव्हता. पोटभर जेवलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

"आत्या," हे म्हणाले, "तुमी काय मागणार हुता..."

"मागायची पाळीच आली न्हाई, रायगोंडा. आईनं हातानं वाढलं." त्यांनी नेमूला मांडीवरून खाली ठेवलं. "उठू आता. दिस मावळला."

त्यांनी तसं म्हटलं आणि स्वयंपाकघर काळं झालं.

मी चाचपडत पुढं गेले. पहिलं हाताला लागलं ते नेमूचं डोकं. त्याला उचलून छातीशी धरलं आणि तशीच उभी राहिले. अंधारात हात धुतल्याचा आवाज झाला, पावलं सोप्यातून गेली, गाडी जुंपली, चाकं हलली. आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. मौन लागलं होतं.

८

चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले तेव्हा म्हणाले, "केस गावला, आत्या अर्ध्या ताटावरनं उठली, एक शब्द न बोलता दिवसाउजेडी निघून गेली. गावानं बघितलं असंल."

"दिवसाउजेडी?"

"मग काय रात्री? आपल्यात कोण जेवतंय रात्री?"

"आणि घड्याळ? नऊ दहा?"

"ते फाल्गुनात दरवर्षी पुढं पळतंय," ते म्हणाले, आणि खरोखरच उठून त्याला चावी देऊ लागले. "झालं ते झालं. एका परीनं बरंच झालं." आणि नेमूच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनाही मनातून द्यायचा नव्हता, हे मला त्या हातावरून कळलं.

हरणामावशींना मी काही विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्या आमच्याकडचं ताक घ्यायच्या बंद झाल्या.

म्हणजे मी जिंकले होते. लेकरू घरात होतं, मागणं झालं नव्हतं, आणि आत्या एका दाराशी दोनदा मागत नसत. कवडसाही नीट वागू लागला. रोज संध्याकाळी हळदीच्या ठिपक्यापाशी यायचा, न थांबता ओलांडून जायचा, खुंटीला टेकायचा, तांबूस व्हायचा, विझायचा. मी खाली उभी राहून बघायची. ठिपका मात्र पुसला नाही. पुरावा म्हणून ठेवला म्हणा. कोणापुढं दाखवायचा होता, कोण जाणे.

नेमू जेवेनासा झाला होता. पण मुलं उन्हाळ्याच्या तोंडाला जेवत नाहीत. अंगानं मात्र तो सुकला नाही. उलट गाल भरले. बाळसं धरलं म्हणून बायका कौतुक करायच्या, आणि मी त्यांच्या होला हो म्हणायची.

नवव्या दिवशी दिवस मावळला, बस्तीतली घंटा झाली, आणि नेमू अंगणात दिसेना. मी सोप्यात बघितलं, परड्यात बघितलं. स्वयंपाकघरात अंधार होता. कंदील आणावा असा विचार आला, पण पाय आधीच आत गेले होते.

तो झरोक्याखाली बसला होता. त्याच जागी, समोरच्या भिंतीकडं तोंड करून, मांडी घालून. पुढं ताट नव्हतं. हातात काही नव्हतं. मी जवळ जाऊन त्याच्या गालाला हात लावला. गाल हलत होते. तो चावत होता, सावकाश.

"नेमू, काय आहे तोंडात?"

मी त्याच्या तोंडात बोट घातलं. दात, जीभ. बाकी काही नाही. पण बोटाला गुळाचा चिकटा लागला.

त्यानं हात उचलून समोर दाखवलं. अंधारात मला भिंतसुद्धा दिसत नव्हती. मी चाचपत गेले, फळी लागली, तिच्यावर चार बोटं चढून ठिपक्याच्या जागी तळवा टेकवला. भिंत ऊन होती. आजूबाजूची गार, आणि तेवढीच चौकोनी जागा ऊन, खुंटीच्या खाली बोटभरापर्यंत.

मागून आवाज आला. लहान, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता.

"अजून दिस हाय."

सोप्यात काहीतरी पडलं. हे धावत आले, हातात कंदील, पायात एकच चप्पल. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

"नेमू बोलला व्हय गं? त्योच बोलला न्हवं? मला नुसता आवाज आला. काय म्हणाला?"

मी भिंतीवरून हात काढला आणि पदराखाली धरला. तो अजून ऊन होता.

"आई म्हणाला," मी सांगितलं.